रॉडवरच्या शंकरपाळ्या: दोऱ्याच्या नक्षीची आखणी

हाताने बांधलेल्या फिशिंग रॉडवर, मुठीच्या पुढच्या वीतभर जागेत रंगीत शंकरपाळ्यांची माळ दिसते. ती छापलेली नसते, रंगवलेलीही नसते. दोरा मुठीकडून टोकाकडे मळसूत्रासारखा तिरका जातो, तिथे वळतो, उलट्या तिरक्याने परत येतो आणि पुढची फेरी आधीच्या फेरीला खेटून बसते. अशा साठ-सत्तर फेऱ्या झाल्या की नक्षी पुरी. अमेरिकेच्या किनाऱ्यांवर रॉड बांधणारे हिला बट रॅप म्हणतात.

पहिल्या फेरीत झालेली चूक पुढच्या साठही फेऱ्या इमानाने गिरवतात. म्हणून गुंडाळणं संध्याकाळभरात उरकलं तरी चालेल, पण आखणीला अख्खी दुपार द्या.

खालचं सगळं गणित एका उदाहरणावर बांधलं आहे: अस्तरासकट १४ मिमी व्यासाचा ब्लँक (म्हणजे मूठ-गाईड न बसवलेली रॉडची नुसती काठी), पुढे २५० मिमीवर १२.५ मिमी होणारा. तुमचा ब्लँक वेगळा असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

सामान

दोरा रॉड बांधायचाच घ्या, नायलॉन किंवा पॉलिएस्टर. जाडी अक्षरांनी सांगतात: ए म्हणजे सुमारे ०.१५ मिमी, डी म्हणजे सुमारे ०.२५ मिमी. नक्षीला डी आणि अस्तराला ए ही जोडी नवख्याला सोपी जाते. अमेरिकी रीळ बहुधा १०० यार्डांचं, म्हणजे ९१ मीटरचं असतं. मशीन एम्ब्रॉयडरीचा चकचकीत पॉलिएस्टर दोरा सरावाला चालतो. शिवणाचा सुती दोरा मात्र नको, कारण त्याच्या अंगावर तूस असतं आणि इपॉक्सीत, म्हणजे शेवटी द्यायच्या पारदर्शक लेपात, भिजल्यावर प्रत्येक तुसाचा एकेक खडा होतो.

रॉड टेकवायला यंत्र हवंच असं नाही. पुठ्ठ्याच्या मजबूत खोक्याच्या समोरासमोरच्या दोन भिंतींत व्ही आकाराच्या खाचा कापा आणि त्यांना फेल्ट लावा. रीळ कपात ठेवा आणि दोरा एका जाड पुस्तकाच्या पानांमधून ओढून आणा. ताण वाढवायचा असेल तर पुस्तकावर आणखी एक पुस्तक ठेवायचं. हा जुगाड वाटतो, पण आडव्या-तिरक्या नक्षीत रॉड हातानेच फिरवायचा असतो, त्यामुळे मोटारवाल्या यंत्राचा इथे तसाही उपयोग नाही.

याशिवाय व्हर्नियर, स्टीलची पट्टी, डिव्हायडर, मास्किंग टेप, दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप, पांढरी खडूची पेन्सिल, नवं ब्लेड, सुई, आणि दोरे घोटायला गुळगुळीत बोथट प्लास्टिकची काडी. जुन्या टूथब्रशचा दांडा घासून गोल केला तरी चालतो. घोटायला स्टीलची वस्तू वापरू नका. दोऱ्याचे तंतू तुटतात आणि ब्लँकला ओरखडा गेला तर रॉड पुढे नेमका तिथेच मोडतो.

अस्तर

उघड्या, चकचकीत ब्लँकवर तिरका दोरा टिकत नाही. ताण पडला की तो निमुळत्या बाजूकडे घसरतो. म्हणून आधी एका रंगाच्या दोऱ्याचं अस्तर चढवा, वेढ्याला वेढा खेटून. उदाहरणातल्या नक्षीची लांबी २३५ मिमी धरली आहे. अस्तर दोन्ही बाजूंना ५ मिमी जास्त ठेवा, म्हणजे २४५ मिमी. ए जाडीच्या दोऱ्याचे सुमारे १६०० वेढे होतात आणि ७० मीटरच्या आसपास दोरा जातो. एक रीळ पुरतं.

पुढची मूठ अजून चिकटवली नसेल तर उत्तम, ती मागे सरकवून ठेवा. चिकटवली असेल तर मूठ आणि अस्तर यांच्यात किमान २५ मिमी जागा सोडा. दोरे अडकवायचं टेपचं कडं तिथे बसणार आहे.

अस्तर पूर्ण झालं की ते घोटा, म्हणजे वेढ्यांमधल्या फटी मिटतील. व्यास मोजायचा तो यानंतर. ए दोऱ्याचं अस्तर व्यास सुमारे ०.३ मिमीने वाढवतं, आणि परिघात तो फरक जवळजवळ एक मिलिमीटरचा होतो. उघड्या ब्लँकच्या मापावर आखणी केली तर शंकरपाळी किंचित बसकी का दिसते, हे नंतर कळत नाही.

रेषा काढणं

ब्लँकची कणा-बाजू (वाकवताना जिकडे तो सर्वांत ताठ लागतो ती) ठरवून गाईड, म्हणजे गळाची दोरी ओवायच्या कड्या, कुठल्या रेषेवर बसणार हे आधीच पक्कं करा. गाईडची ती रेषा म्हणजे शून्य. तिच्या बरोबर पाठीमागची एकशेऐंशी. साध्या शंकरपाळ्यांना या दोनच रेषा पुरतात. चौपदरी नक्षीला नव्वद आणि दोनशेसत्तर याही लागतात.

कागदाची ५ मिमी रुंद पट्टी कापा. अस्तराच्या मुठीकडच्या टोकाला ती ब्लँकभोवती घट्ट गुंडाळा. जिथे पट्टी स्वतःवर चढते तिथे ब्लेडच्या टोकाने दोन्ही थरांतून बारीक चीर द्या. उलगडून चिरांवर कापलीत की हातात येतो तिथला नेमका परीघ. पट्टीची बरोबर मधोमध घडी घाला, चौपदरीसाठी आणखी एक घडी. पट्टी पुन्हा गुंडाळून तिचा सांधा शून्यावर आणला की घडीची रेघ एकशेऐंशी दाखवते. टोकाकडच्या बाजूला हीच कृती नव्या पट्टीने करा. जुनी पट्टी तिथे चालणार नाही, कारण तिथला परीघ कमी आहे.

दोन्ही टोकांच्या खुणा जोडायला पट्टी टेकवू नका, गोल पृष्ठभागावर ती डगमगते. शिलाईचा एक दोरा एका टोकाच्या खुणेवर टेपने चिकटवा, दुसऱ्या टोकाच्या खुणेपर्यंत ताणून तिथेही चिकटवा. ताणलेला दोरा ब्लँकच्या अंगावर आपोआप सरळ बसतो. आता रॉड डोळ्याशी धरून बंदुकीसारखा नेम साधा: दोरा पहिल्या गाईडच्या जागेच्या सरळ रेषेत दिसला पाहिजे. पाठीमागेही असाच दोरा ताणा.

इथे एक ठोकर नेहमी बसते. मुठीकडची पट्टी शून्यावर बसवली, पण टोकाकडची अंदाजाने बसवली, तर दोन्ही रेषा मिळून पीळ घेतात. शंकरपाळ्या एकमेकींच्या तुलनेत नीट दिसतात, पण माळच्या माळ रॉडभोवती हळूहळू वळत जाते. हे नक्षी संपल्यावर, रॉड हातात धरून वरून पाहिल्यावरच दिसतं.

अंतर किती ठेवायचं

शंकरपाळीचा आकार दोन मापांवर ठरतो: ब्लँकचा परीघ, आणि एकाच रेषेवरच्या दोन खुणांमधलं अंतर. दोन्ही सारखी असतील तर दोरे एकमेकांना काटकोनात छेदतात आणि शंकरपाळी चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखी दिसते. अंतर परिघापेक्षा जास्त ठेवलं तर ती लांबट, कमी ठेवलं तर आडवी. पहिल्या रॉडला दोन्ही सारखी ठेवा. काटकोनात दोरे सर्वांत कमी घसरतात आणि डोळ्याने तपासायला सोपे जातात.

१४ मिमी व्यासाचा परीघ ४४ मिमी. म्हणून पहिलं अंतर ४४. पण ब्लँक निमुळता आहे, आणि सगळी अंतरं ४४च ठेवली तर पुढच्या शंकरपाळ्या ताणलेल्या दिसतील. प्रत्येक अंतर त्या जागच्या परिघाइतकं हवं. आपल्या उदाहरणात ती अशी येतात: ४४.०, ४३.२, ४२.३, ४१.५, ४०.८. दर वेळी पाऊण-एक मिलिमीटर कमी. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पाच अंतरांत मिळून आठ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि शंकरपाळीच मुळी एकवीस मिलिमीटरची असते.

शून्याच्या रेषेवरच्या खुणा, पहिल्या खुणेपासून मोजून: ०, ४४.०, ८७.२, १२९.५, १७१.०, २११.८ मिमी. एकशेऐंशीच्या खुणा त्यांच्या बरोबर मधोमध: २२.०, ६५.६, १०८.३, १५०.३, १९१.४. असं का, तर दोरा शून्यावरून निघून अर्धा फेरा घेत पाठीमागे पोचतो तेव्हा तो लांबीतही अर्धंच अंतर चाललेला असतो. पाठीमागच्या खुणा समोरच्या खुणांच्या बरोबर मागे दिल्या, तर दोरा त्या खुणांवर कधीच छेदत नाही. नवख्यांकडून सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

गणित नको असेल तर कागदाची पट्टी आहेच. पहिल्या खुणेवर पट्टी गुंडाळा, परिघाइतकी कापा, तीच सरळ करून शून्याच्या रेषेवर ठेवा. ती संपते तिथे दुसरी खूण. दुसऱ्या खुणेवर नवी पट्टी. आकडेमोड न करता निमुळतेपणा आपोआप हिशेबात येतो.

पहिली खूण अस्तराच्या कडेपासून १७ मिमीवर ठेवा. त्यातले ५ मिमी शेवटच्या काठाखाली जातील आणि १२ मिमी दिसतील. शंकरपाळीचं अर्धं अंग १०.८ मिमी येणार आहे, म्हणजे ती काठाला जेमतेम न टेकता उभी राहते. टोकाकडेही तसंच.

खुणा खडूच्या पेन्सिलीने करा, ठिपका एक मिलिमीटरपेक्षा मोठा नको. पहिल्या पाच दोऱ्यांखाली तो झाकून जातो. बॉलपेन किंवा मार्कर वापरू नका; शाई पुढच्या लेपात विरघळून दोऱ्यात पसरते आणि पांढऱ्या दोऱ्यावर तिचा डाग कायमचा राहतो. खुणा झाल्या की ताणलेले शिलाईचे दोरे काढून टाका.

रंगांचा हिशेब

दोरे एकावर एक चढतात, आणि छेदाच्या जागी नंतरचा दोरा आधीच्याला झाकतो. म्हणून सर्वांत आधी घातलेला रंग शंकरपाळीच्या पोटात दिसतो आणि शेवटचा तिच्या काठावर. आलेख कागदावर एक चौकट म्हणजे एक दोरा धरून मधून बाहेर रंग भरा. कागदावर जसं दिसेल तसंच ब्लँकवर येतं.

एक चालणारी मांडणी: मध्ये सोनेरी मेटॅलिक १, मग दोन्ही बाजूंना काळे ५, लाल १२, पांढरे ३, काळे ८, आणि काठाला सोनेरी २. एका बाजूला ३०, म्हणून एकूण ६१ दोरे. डी दोऱ्याचा पट्टा ६१ × ०.२५ म्हणजे सव्वापंधरा मिलिमीटर रुंद होतो आणि काटकोनी छेदात शंकरपाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २१.६ मिमी भरते. अंतर ४४ असल्याने शंकरपाळी आणि मधली मोकळी जागा जवळजवळ सारखी येते, अस्तराचा रंग छान उठतो. टोकाकडे अंतर कमी होतं पण दोरे तितकेच राहतात, म्हणून तिकडे मोकळी जागा १९ मिमीवर येते. ते डोळ्याला खटकत नाही.

अस्तर अजिबात दिसू नये अशी नक्षी हवी असेल तर या ब्लँकवर सुमारे १२४ दोरे लागतील. ते काम दुसऱ्या-तिसऱ्या रॉडला करा.

०.२५ हा आकडा मात्र आंधळेपणाने घेऊ नका. तुमच्याच दोऱ्याचे २० वेढे ब्लँकवर खेटून घाला, रुंदी मोजा, २० ने भागा. मेटॅलिक दोरा वेगळा भरतो आणि काही नायलॉन ताणात चपटे होतात.

दोरा किती लागतो? एका फेरीला, म्हणजे जाऊन-येऊन, वळणासकट सुमारे ८० ते ८५ सेंटिमीटर. ६१ फेऱ्यांना ५० मीटर. लालच्या २४ फेऱ्यांना २० मीटर पुरतात, म्हणून प्रत्येक रंगाचं एक रीळ पुष्कळ झालं.

पहिली फेरी

अस्तराच्या दोन्ही बाहेरच्या बाजूंना, कडेपासून १० मिमी सोडून, दुहेरी चिकट टेपचं एकेक कडं घाला. दोरे इथे वळतील आणि धरून राहतील. मुठीकडच्या कड्यावर सोनेरी दोऱ्याचं टोक दाबून दोन वेढे घ्या.

आता रॉड आपल्याकडे फिरवत दोरा तिरका सोडा, शून्याच्या पहिल्या खुणेवरून, पाठीमागच्या पहिल्या खुणेवरून, पुन्हा शून्याच्या दुसऱ्या खुणेवरून. टोकाकडच्या कड्यावर पोचलात की दोरा कड्याभोवती वळवा आणि रॉड फिरवण्याची दिशा न बदलता परत या. फिरवणं तेच, फक्त दोरा आता मुठीकडे चालतो, म्हणून उलटा तिरका पडतो. दिशा बदलली तर कड्यावरचा दोरा उलगडतो. परत येताना त्याच खुणा घ्यायच्या आहेत. कड्यावर किती वळायचं हे पहिली परतीची खूण सापडेपर्यंत ठरवा आणि पुढे प्रत्येक फेरीला तितकंच वळा.

मुठीकडे आलात की थांबा. दोरा टेपवर दाबून ठेवा आणि उजेडाखाली बसा. अकराही छेद खुणांवर आहेत का? दोन छेदांमध्ये दोरा सरळ चालतो की पोट काढतो? डिव्हायडरने छेदांमधली अंतरं मोजून वर दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर नखाने दोरा सरकवून जागेवर आणा. मग रॉड डोळ्याशी धरून सगळे छेद एका ओळीत दिसतात का पाहा, समोरून आणि पाठीमागूनही. छेद जागेवर राहत नसतील तर ताण कमी-जास्त करून फेरी पुन्हा घाला. तीनदा घालावी लागली तर तीनदा घाला, खर्च दर वेळी ८०-८५ सेंटिमीटर दोऱ्याचा आहे.

ताण किती? घातलेला दोरा नखाने ढकलला तर सरकला पाहिजे, पण सोडल्यावर जिथे ठेवला तिथे राहिला पाहिजे. जास्त ताणलात तर पुढचा दोरा आधीच्याला ढकलून जागेवरून हलवतो. ढिला सोडलात तर छेदांमध्ये लाटा दिसतात आणि त्या कितीही घोटल्या तरी बसत नाहीत.

पुढच्या फेऱ्या

दुसरी फेरी पहिल्या दोऱ्याच्या टोकाकडच्या बाजूला, जातानाही आणि येतानाही. तिसरी मुठीकडच्या बाजूला, जातानाही आणि येतानाही. चौथी पुन्हा टोकाकडे. अशी जोडीजोडीने नक्षी दोन्हीकडे सारखी वाढते आणि छेदाचा मध्य खुणेवरच राहतो. एक जोडी सुटली, म्हणजे लाल एका बाजूला बारा आणि दुसरीकडे अकरा झाले, तर शंकरपाळीचा एक कोपरा बोथट दिसतो आणि पुढचे सगळे रंग तो बोथटपणा पुढे नेतात. कागदावर प्रत्येक फेरीची रेघ मारा, मुठीकडची वेगळी आणि टोकाकडची वेगळी. मनात मोजणारे हमखास चुकतात, विशेषतः कोणी चहा घेऊन आल्यावर.

दर चार फेऱ्यांनी छेदांच्या आजूबाजूला काडीने हलकेच घोटा. दोरा छेदावरून चढून खाली उतरतो, तिथे शेजारच्यापासून किंचित दूर पडतो. ती फट आता मिटवली नाही तर दहा फेऱ्यांनंतर ती मिटत नाही, कारण वरचे दोरे तिला धरून ठेवतात. घोटण्याची दिशा नेहमी मध्याकडे. दर दहा फेऱ्यांनी डिव्हायडर पुन्हा लावा. सगळे छेद एकाच बाजूला सरकत चालले असतील तर तुम्ही एका बाजूचे दोरे दुसरीपेक्षा जास्त घट्ट दाबत आहात. पुढच्या काही फेऱ्यांत दुसरी बाजू जास्त दाबून ते परत आणता येतं. वीस फेऱ्यांनंतर लक्षात आलं तर उलगडण्याशिवाय इलाज नाही.

रंग बदलताना नेहमी मुठीकडच्याच कड्यावर बदला. फेरी तिथेच पूर्ण होते. जुन्या दोऱ्याचं टोक टेपवर दाबा, नव्याचं शेजारी चिकटवा. पंधरा-वीस फेऱ्यांत टेपची चिकट संपते. दोऱ्यांवरूनच त्याच टेपचा आणखी एक वेढा घ्या आणि पुढे चला.

मध्येच काम थांबवायचं असेल तर दोरा कापू नका. कड्यावर दाबून वरून मास्किंग टेप मारा आणि सगळ्यावर स्वच्छ कापड टाका. धूळ बसलेल्या दोऱ्याचा रंग उतरतो, पांढऱ्याचा तर लगेच.

बाणांची नक्षी

याच आखणीवर शंकरपाळ्यांऐवजी बाण काढता येतात. फरक एवढाच की दोरे आलटून-पालटून दोन्हीकडे न घालता सगळे एकाच बाजूला घालायचे. सगळे टोकाकडे घातले तर बाण टोकाकडे रोखलेले येतात, मुठीकडे घातले तर मुठीकडे. पण इथे छेद प्रत्येक फेरीला पुढे सरकतो; ६१ दोऱ्यांत तो २१ मिमीच्या वर जातो. म्हणून बाण टोकाकडे रोखायचे असतील तर सगळ्या खुणा आधीच १०-११ मिमी मुठीकडे घ्या. हे विसरलं की शेवटचा बाण काठाखाली घुसतो. जोड्या मोजाव्या लागत नसल्याने बाण खरं तर शंकरपाळ्यांपेक्षा सोपे आहेत, आणि पहिल्या रॉडला ते निवडण्यात कमीपणा नाही.

काठ आणि कापणं

नक्षी कड्यांमधून मोकळी करण्याआधी ती दोन्हीकडून बांधून घ्यावी लागते. नक्षीच्या कडेपासून बाहेरच्या दिशेने डी दोऱ्याचे सरळ, खेटून वेढे घालायला सुरुवात करा. २० वेढे, म्हणजे ५ मिमी झाले की दोरा टेपने धरून थांबा. आता नक्षीचे दोरे या काठाच्या बाहेर कापायचे आहेत. ब्लेड ब्लँकवर टेकवून गोल फिरवू नका. सुईने चार-पाच दोरे उचला, ब्लेडची धार वरच्या बाजूला ठेवून उचललेले दोरे कापा, पुढचे उचला. अर्धा तास जातो. ग्रॅफाइटच्या ब्लँकवर ब्लेडची चीर गेली तर रॉड जड माशाखाली तिथेच तुटतो, म्हणून हा अर्धा तास वाचवू नका.

कापलेली टोकं झाकत काठ पुढे चालू ठेवा, अस्तराची कड ओलांडून ३ मिमी उघड्या ब्लँकवर उतरू द्या. शेवटचे आठ वेढे उरले असताना दुसऱ्या दोऱ्याचा फास वेढ्यांखाली ठेवा, त्याचं डोकं पुढे. आठ वेढे झाले की दोरा कापून टोक फासात घाला आणि फास मागे ओढा. टोक वेढ्यांखालून बाहेर येतं. ते ताणून धरून मुळाशी कापा. बाहेर डोकावणारं तूस स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून रॉड झटकन फिरवून जाळा. ज्योत एका जागी थांबली तर नायलॉन वितळतं.

रंग राखणं आणि इपॉक्सी

साधं नायलॉन इपॉक्सीत भिजलं की गडद होतं आणि काही रंग अर्धपारदर्शक होतात. पांढरा जवळजवळ नाहीसाच होतो, खालचं अस्तर दिसू लागतं. ते नको असेल तर आधी कलर प्रिझर्व्हर लावा. तो कंजूषपणे लावला तर मोठी फजिती होते: जिथे दोरा कोरडा राहिला तिथे इपॉक्सी शिरते आणि लाल पट्ट्यात काळपट ठिपके उठतात. दोरे पूर्ण भिजेपर्यंत लावा, जास्तीचा कोरड्या ब्रशने टिपून घ्या, सुकल्यावर दुसरा हात द्या, आणि त्यानंतर किमान २४ तास थांबा. पावसाळ्यात ४८. आत ओल राहिली तर इपॉक्सी वरून घट्ट होते पण धरत नाही.

एनसीपी लिहिलेल्या दोऱ्याला प्रिझर्व्हर लागत नाही, पण त्याची चमक साध्या नायलॉनपेक्षा कमी असते. मेटॅलिक बदलत नाही. एका नक्षीत दोन्ही जातीचे दोरे मिसळणार असाल तर ब्लँकच्या तुकड्यावर सगळ्या रंगांचे दहा-दहा वेढे घालून इपॉक्सी लावून पाहा. रिळावरचा रंग आणि भिजल्यावरचा रंग यात कधी कधी ओळख राहत नाही.

इपॉक्सी दोन भागांची, रॉडसाठीची लवचीक जात घ्या. घरबांधणीतली इपॉक्सी कडक होते आणि रॉड वाकला की तडकते. रॉडच्या बहुतेक इपॉक्सींचं प्रमाण १:१, आकारमानाने. तरी तुमच्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. या नक्षीवर एका पातळ हाताला सुमारे ३ मिली लागते. ब्रशला आणि भांड्याला राहते ती धरून प्रत्येकी ३ मिली, एकूण ६ मिली कालवा. याहून कमी घेतलं तर अर्ध्या थेंबाची चूकसुद्धा प्रमाण बिघडवते आणि लेप महिनाभर चिकट राहतो. दोन वेगळ्या सिरिंज ठेवा, त्यांवर खुणा करा, अदलाबदल होऊ देऊ नका. सिरिंज सिलिकॉन नसलेली हवी. सिलिकॉनचा अंश लेपात गेला तर तो जागोजागी माघार घेतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. बोटांच्या तेलानेही तेच होतं, म्हणून प्रिझर्व्हर सुकल्यावर नक्षीला हात लावू नका.

तीन-चार मिनिटं सावकाश कालवा, फेटू नका. मग अॅल्युमिनियम फॉइलवर पसरवा. पातळ थरात बुडबुडे लवकर वर येतात आणि मिश्रण भांड्यात तापून घट्ट होत नाही. रॉड सावकाश फिरत असताना ब्रशने लावा. पहिला हात दोऱ्यांत मुरण्यासाठी असतो, तो गुळगुळीत दिसणार नाही आणि दिसायलाही नको. दहा मिनिटांनी बुडबुड्यांवरून स्पिरिटची ज्योत दूरून, हलती ठेवून एकदा फिरवा. जास्त उष्णता दिली तर खालून नवे बुडबुडे येतात.

फिरवायला मिनिटाला ६ ते १८ फेरे देणारी मोटार चांगली. नसेल तर पहिले दोन तास दर पाच मिनिटांनी अर्धा फेरा हाताने द्या, पुढे दर दहा मिनिटांनी. लेप वाहायचा थांबेपर्यंत उठता येणार नाही. खोलीचं तापमान २१ ते २७ अंश हवं. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतल्या दमटपणाने लेपावर तेलकट, धुरकट पापुद्रा येतो. तो साध्या पाण्याने ओल्या कापडाने पुसला की जातो, पण पुसल्याशिवाय दुसरा हात दिला तर तो सोलून निघतो. न्यू जर्सीच्या गॅरेजात डिसेंबरात काम करणाऱ्यांची अडचण उलटी: दहा अंशांत लेप दिवसेंदिवस घट्ट होत नाही. रॉड घरात आणा.

दुसरा हात पहिल्यानंतर २४ तासांच्या आत द्या. त्याहून उशीर झाला तर बारीक पॉलिश पेपरने वरची चमक मारून, स्पिरिटने पुसून मग द्या. शंकरपाळ्यांच्या छेदांवर दोऱ्यांचे थर असतात, त्यामुळे तिथे उंचवटा आणि मध्ये खोलगट भाग राहतो. तो सपाट करायला बहुधा तिसरा हात लागतो. एकाच जाड हातात भरून काढायला गेलात तर लेप खाली लोंबतो आणि फिरणाऱ्या रॉडवर त्याचं पोट तयार होतं.

शेवटच्या हातानंतर दोन दिवस रॉडला हात लावू नका, आणि आठवडाभर तो वाकवू नका.